भंवरीबाईच्या वाट्याचं फ्रेंच जेवण

भंवरीबाईला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नसे, आणि ती ते लपवतही नसे. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बायकाही जळायच्या. मीही जळायची, नाही कशाला म्हणू? पण आम्ही वरून गोड हसायचो. भंवरीबाई हसायची नाही. शेजारणीचं लोणचं चांगलं मुरलंय असं कानावर आलं की ती वाटीभर मागून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना सांगायची, "मीठ जरा जास्त झालंय." वाटी मात्र चाटूनपुसून लख्ख. आमचं शिंप्याचं घर. आमच्याकडे नवं शिलाई मशीन आलं तेव्हा ती मुद्दाम बघायला आली, चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "चांगलं आहे, पण आवाज केवढा!" पुढे कितीतरी दिवस तिनं तिच्या चोळ्या दुसऱ्या शिंप्याकडे टाकल्या. त्या तिला काखेत काचायच्या, तरी घालायची.

पण माझा थोरला तापानं फणफणला तेव्हा सगळ्यांत आधी काढा घेऊन आली ती तीच. कोणाच्या घरात काय शिजतंय यावर तिची बारीक नजर असायची, त्यामुळे कोणाचं काय दुखतंय हेही तिलाच आधी कळायचं. मत्सरी माणसाचा शेजाऱ्यांना एवढा तरी फायदा असतो. ती माझ्याहून थोडीच मोठी, म्हणून आमचं एकमेकींशी अगंतुगं चालायचं.

नंदुरबारात अमरचंद शेठचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं. भंवरीबाई त्यांची बायको. मारवाडातल्या कुठल्याशा गावाहून लग्न होऊन आली ती कोवळ्या वयात, आणि आली तशी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून स्वैपाकघरात शिरली. घरात मारवाडी बोलायची, गल्लीत अहिराणी, आणि भांडताना दोन्ही. मूलबाळ नव्हतं. अमरचंद शेठ माणूस वाईट नव्हता. हात उचलत नव्हता, दारू नाही, तमाशा नाही. दिवस मावळायच्या आत घरी यायचा, पाटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. तेवढ्या वेळात "भाजी" आणि "पाणी" याच्यापलीकडे तो तिच्याशी बोलला असेल असं मला वाटत नाही. पण तसे आमच्या घरचे तरी कुठे बोलत होते?

या बाईचं राज्य होतं ते उन्हाळ्यात. वैशाख लागला की गल्लीतल्या सगळ्या घरांचे उडदाचे पापड तिच्या मागल्या पडवीत व्हायचे. उडीद कोरीट गावचे, दळण घरच्या जात्यावरचं, आणि पापडखार किती घालायचा ते फक्त तिनं सांगायचं. पीठ मुसळानं कुटून कुटून मऊ झालं की ती त्याची लांब वळकटी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायची, दुसरं हातात, आणि सटासट लाट्या कापायची. एक लाटी दुसरीहून तसूभर मोठी नाही. दोरा ती कोणाच्या हातात देत नसे. ती लाट्या कापणार आणि आम्ही लाटणार. कोणाच्या घरचे पापड कोणत्या दिवशी, कोणाच्या सुनेला पाट द्यायचा, कोणाची सून अजून कच्ची, सगळं तीच ठरवायची. पापड लाटता लाटता गावातली लग्नं जमायची, भांडणं मिटायची, आणि त्या सगळ्यात शेवटचा शब्द भंवरीबाईचा. वर्षभर ज्या बाईला घरात दोन शब्दांपलीकडे कोणी बोलत नव्हतं, तिचं सगळी गल्ली महिनाभर ऐकायची. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आणि सन सदतीसच्या उन्हाळ्यात तेही तिच्या धाकट्या जावेनं पळवलं.

धाकटी जाऊ म्हणजे सज्जनबाई, अमरचंदच्या धाकट्या भावाची, धर्मचंदची बायको. गोरी, हसरी, जरा बोलघेवडी. भंवरीबाई तिच्यावर पहिल्या दिवसापासून जळायची. सज्जनचे केस लांब म्हणून जळायची, सज्जनला माहेरची माणसं भेटायला येत म्हणून जळायची. पण ते सगळं घरातल्या घरात. जावाजावांचं एवढं चालायचंच.

त्या वेळी नंदुरबारातून रोशाचं तेल मुंबईला जायचं. रोशा म्हणजे सातपुड्यातलं वासाचं गवत. पावसाळा सरला की डोंगरातले लोक ओढ्याकाठी भट्ट्या लावून ते गवत उकळायचे आणि तेलाचे डबे अमरचंद शेठच्या दुकानी आणायचे. अक्राणीकडचा दिलवरसिंग डबे घेऊन आला की साऱ्या गल्लीला गुलाबासारखा, पण जरा उग्र असा वास यायचा. ते तेल मुंबईतला एक फ्रेंच साहेब घ्यायचा. त्याच्या देशात त्याची म्हणे अत्तरं करत. त्या उन्हाळ्यात धर्मचंद कामासाठी मुंबईला निघाला आणि सोबत सज्जनलाही घेऊन गेला. बायकोला कशाला, असं सगळ्यांच्या मनात आलं, पण मोठ्या घरच्या गोष्टी, विचारणार कोण? भंवरीबाईनं दोघांना वाटेत खायला दशम्या करून दिल्या. त्या तिनं मुद्दाम कडक केल्या होत्या असं ती मला पुढे स्वतःच म्हणाली.

सज्जन परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरचे पापड होते. पडवीत आम्ही सगळ्याजणी गोल बसलो होतो, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. सज्जन पाट घेऊन बसली आणि लाटणं हातात घेता घेता म्हणाली, "मुंबईले आम्ही फ्रेंच हाटेलमा जेवाले गऊत."

लाटणी थांबली. माझी सासू अनुसयाबाई म्हणजे तोंडाळपणात गल्लीत पहिली. त्या म्हणाल्या, "हाटेलमा? तू? बाई मानूस?"

मग सज्जन सांगू लागली. साहेब होता, त्याची मडम होती. पांढरंशुभ्र कापड घातलेलं टेबल. वर विजेचे दिवे, काचेच्या लोलकांतून उजेड सांडतोय, आणि पंखा असा की पदर उडतो. पाव केवढा, तर मुसळाएवढा लांब. प्रत्येक पदार्थाला नवी ताटली. एक उचलतात, दुसरी ठेवतात.

"आन् घासाले कोन बसस इतल्या ताटल्या?" सासूबाईंनी विचारलं. आम्ही सगळ्या हसलो.

"काय खाधं ते सांग ना वं," कोणीतरी म्हणालं.

सज्जननं सांगितलं. आधी सूप म्हणून एक गरम पाणी, त्यात लोण्याची चव आणि मिऱ्यांचा झटका. मग दुधात शिजवलेले कोवळे मटार. आणि शेवटी बर्फासारखं गार, गोड काहीतरी, जिभेवर ठेवलं की नाहीसं. ती सांगत होती आणि आमच्या तोंडाला पाणी सुटत होतं. त्या उन्हात, तोंडात उडदाचं पीठ गेलेलं, आणि ही बाई बर्फाच्या गोष्टी करते! माझा जळफळाट झाला, खरं सांगते. पण ऐकणं काही सोडवेना.

भंवरीबाई खाली मान घालून लाट्या कापत होती. "पापड वाळतायत," ती मधेच म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

"आन् सगळासमा आधी ताटली कोनाम्होरे ठेवी, माहीत शे?" सज्जन म्हणाली. "मन्हा म्होरे! साहेबना आधी. यासना आधी." यासना म्हणजे नवऱ्याच्या. नवऱ्याच्या आधी बायकोला वाढलं हे ऐकून आमच्यातली एक तर लाटणं टाकून हसायला लागली. मग सज्जन सहज बोलून गेली, "आन् साहेबनी बसता बसताच इचारं, मोठी शेठाणी हाईज का? यासनी सांगं, नही, हाई धाकली."

भंवरीबाईचा दोरा थांबला. "मोठी शेठाणी कशाला विचारली त्यानं?"

सज्जन बावळटासारखी तिच्याकडे बघत राहिली. मग मारवाडीत म्हणाली, "थांनै ही तो बुलाया था, भाभीसा. थांनै ठा कोनी?"

तुम्हालाच तर बोलावलं होतं, तुम्हाला माहीत नाही? साहेबाचा माणूस दुकानी येऊन आमंत्रण देऊन गेला होता. मोठ्या शेठनं आणि मोठ्या शेठाणीनं साहेबाबरोबर जेवायला यावं. अमरचंद शेठ म्हणाला होता, बायको घेऊन टेबलाशी बसणं मला जमायचं नाही, धर्मा जाईल. एवढं बोलून विषय संपला होता. घरी येऊन त्यानं तो शब्दानं काढला नव्हता.

त्या दिवशी भंवरीबाईनं राहिलेल्या लाट्या अशा कापल्या की एक लिंबाएवढी तर दुसरी सुपारीएवढी. आमच्या घरचे पापड त्या वर्षी लहानमोठे झाले ते त्यामुळे.

आता खरं म्हणजे तिनं रागवायला हवं होतं अमरचंदवर. पण नवऱ्यावर राग धरायची आमच्यात सोय नव्हती, आणि जाऊ समोर होती. "माझ्या वाट्याचं ताट होतं ते," संध्याकाळी ती मला म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "माझं ताट तिनं खाल्लं. माझ्या खुर्चीवर बसून खाल्लं. आणि वर मलाच चव सांगते."

मी म्हटलं, "अगं, तुला तिथं जमलं असतं का?"

"न जमायला काय झालं? मला चमचा धरता येत नाही?"

दुसऱ्या दिवसापासून पडवी ओस पडू लागली. बायका यायच्या, दोनचार पापड लाटायच्या आणि "आलेच हं" म्हणून माडीवर सज्जनच्या खोलीत जायच्या. वरून हसण्याचे आवाज यायचे. ज्यांनी एकदा ऐकलं होतं त्या पुन्हा ऐकायला जायच्या, आणि दर वेळी त्या हॉटेलात एखादी ताटली वाढायची. धानोऱ्याहून कोणाची बहीण आली होती, तिलाही वर नेऊन ऐकवलं. लग्नाच्या वाटाघाटी, सुनांच्या तक्रारी, सगळं वर गेलं. भंवरीबाई खाली पीठ झाकून बसायची. पीठ सुकायचं, मग ती तेलाचा हात लावून पुन्हा कुटायची. मुसळाचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा, आणि कुटतेय ते पीठच आहे ना, अशी शंका यावी इतक्या जोरात.

एके दिवशी तिनं सूप केलं. तुरीच्या डाळीचं वरचं पाणी काढलं, त्यात लोणी आणि मिरी टाकली आणि अमरचंद शेठच्या ताटात वाटी ठेवली. शेठनं एक घोट घेतला आणि विचारलं, "डाळ कुठाय?" तिनं मुकाट्यानं डाळ वाढली. हे मला तिनंच सांगितलं. ती सांगत असताना मी हसले तर माझ्यावरच चिडली.

आणि मग तिला हत्यार सापडलं. ती भरदुपारी आमच्या ओट्यावर आली, कानाशी लागून म्हणाली, "विजेचे दिवे लागले होते म्हणते ना ती?"

"हो. काचेचे लोलक."

"मग दिवस मावळला होता."

मला आधी कळलं नाही. मग लख्खकन कळलं. ही जैन माणसं दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नाहीत, कडक पाळणारे पाण्याचा थेंबही घेत नाहीत. सज्जननं तर मागल्या चातुर्मासात साध्वींसमोर जन्मभराचं व्रत घेतलं होतं आणि सगळ्या घरानं तिचं कौतुक केलं होतं. त्या कौतुकावरही भंवरीबाई जळली होतीच. आता तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा समाधान पाहिलं. "व्रत मोडलं," ती म्हणाली. "त्या बर्फासाठी मोडलं."

"धर्मचंदही जेवलाच असेल की."

"पुरुषांचं सोड," ती म्हणाली. आणि खरंच, त्या सगळ्या प्रकरणात धर्मचंदला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. पुरुष व्यापारासाठी जे करतात त्याला व्यापारच म्हणतात.

त्याच आठवड्यात तीन साध्वी पायी विहार करत गावात आल्या होत्या आणि स्थानकात, म्हणजे साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, उतरल्या होत्या. त्यांतल्या वडील महासतीजी सकाळी गोचरीला, म्हणजे घरोघर थोडंथोडं अन्न घ्यायला निघायच्या. भंवरीबाईनं त्या दिवशी बायकांना निरोप पाठवले. अनुसयाबाईच्या राहिलेल्या उडदाचे पापड आहेत, सगळ्यांनी यायचंच. सज्जनलाही माडीवरून खाली बोलावलं. सासूबाईंना वास लागलाच. "चाल वं लवकर," त्या मला म्हणाल्या, "तठे आज काहीतरी शे." जे होणार ते मला ठाऊक होतं. तरी मी गेले. न जाऊन कशी राहीन?

महासतीजी आल्या. पांढरी वस्त्रं, तोंडावर मुहपत्तीची पट्टी, हातात लाकडी पात्रं. उन्हानं पाय भाजलेले, पण चेहरा शांत. भंवरीबाईनं दोन भाकरी आणि भाजी वाढली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "महाराज, रात्री न खाण्याचं व्रत घेऊन कोणी रात्री हॉटेलात जेवलं, तर त्याला काय प्रायश्चित्त?"

महासतीजींनी विचारलं, "कोण जेवलं?"

भंवरीबाईनं सज्जनकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं. सज्जनचा चेहरा पदराआड होता. हातातलं लाटणं तिनं पाटावर ठेवलं. ती उठली, महासतीजींसमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"मी जेवले नाही, महाराज," ती म्हणाली. "रात्रीचं जेवण आहे हे मला आधीच कळलं होतं. म्हणून त्या दिवशी सकाळीच मी उपवासाचं पच्चक्खाण, उपवासाचा नेम घेतला. दिवसभर नुसतं पाणी, आणि दिवस मावळल्यावर तेही नाही. त्या टेबलावरचा एक कण माझ्या तोंडात गेला नाही."

"मग ही बाई म्हणते ते?"

"मीच सांगितलं सगळ्यांना. सूप, मटार, बर्फ. खोटं सांगितलं. चवी आमच्या यांना विचारून घेतल्या होत्या."

महासतीजींच्या डोळ्यांत जरा हसू आल्यासारखं वाटलं. "व्रत पाळलंस, चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "खोटं बोललीस ते वाईट केलंस. संध्याकाळी स्थानकात ये." आणि भंवरीबाईकडे वळून म्हणाल्या, "बाई, दुसऱ्याच्या ताटात बघणाऱ्याचं पोट भरत नाही." मग त्या पुढच्या घरी गेल्या.

त्या गेल्या तशी कुजबुज सुरू झाली. व्रत मोडलेलं नव्हतं, पण महिनाभर आम्हाला बर्फ चाखवणारी बाई उपाशी होती! कोणी खुदखुदायला लागलं, कोणी चिडलं. धानोऱ्याच्या पाहुणीला जिनं वर नेऊन ऐकवलं होतं तिला तर फारच लागलं. सज्जनचं हॉटेल तिथल्या तिथे बुडालं. भंवरीबाई ताठ बसली. तिनं पायाच्या अंगठ्यात दोरा धरला आणि लाट्या कापायला घेतल्या, आणि बायका आपोआप तिच्याभोवती सरकल्या. ती जिंकली होती.

पण सासूबाईंना गप्प बसवेना. "सज्जन," त्या म्हणाल्या, "तू काहीच खाधं नही, त मग इतली खुश का बरं? महिना झाया तू हवामा चाली ऱ्हायनी."

सज्जन पदर सारखा करू लागली. सासूबाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती खाली मान घालून हळूहळू बोलली. अर्धं मारवाडी, अर्धं अहिराणी. मी माझ्या भाषेत सांगते.

"त्यांच्यात पाहुणी बाई खायला लागल्याशिवाय पुरुष घास उचलत नाहीत. मडमही थांबून होती. सगळे माझ्यासाठी थांबले होते. उपास आहे असं साहेबाला सांगायचं नव्हतं, त्याला अपमान वाटला असता. म्हणून हे मला म्हणाले, तू नुसता चमचा उचल आणि ताटलीत फिरव. मी चमचा उचलला की मग हे जेवायचे. ताटली बदलली की पुन्हा थांबायचे. हे समोर बसले होते. अगदी समोर. आणि पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत होते, मी उचलते का, कधी उचलते. एकदा तर हळूच विचारलं, तहान लागली का? लग्न झाल्यापासून माझ्या हाताकडे असं कधी कोणी बघितलं नव्हतं. हे कोणाला सांगणार? लाज नाही वाटणार? म्हणून सूप सांगत बसले."

कोणी हसलं नाही. आमच्यातल्या प्रत्येक बाईनं आयुष्यभर नवरा उठल्यावर त्याच्या उरल्यासुरल्यात आपलं पान वाढून घेतलं होतं. बर्फाच्या गोष्टी ऐकून जे झालं नव्हतं ते आता झालं. मी खरी जळले ती तेव्हा. त्या सूपावर मी जळले होते तो नुसता पोरखेळ होता.

भंवरीबाईच्या हातातला दोरा वळकटीत अर्ध्यावर अडकला होता. तो तसाच ठेवून ती उठली. "लाट्या तू काप," ती मला म्हणाली. दोरा कोणाच्या हातात न देणारी बाई, आणि मला म्हणाली. मग ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. त्या दिवशीच्या लाट्या मी कापल्या, आणि फार वाईट कापल्या.

दिवस कलला तेव्हा पापडांची पाटी पोचवायला मी तिच्या स्वैपाकघरात गेले. ती चुलीपाशी होती. मला बघून म्हणाली, "बस. जाऊ नकोस." आवाज असा होता की मी भिंतीला टेकून, दाराच्या आडोशाला बसले.

"ते माझं होतं," ती म्हणाली. चुलीकडे तोंड करूनच बोलत होती. "ताट गेलं त्याचं काही नाही. त्या दिवशी हे माझ्यासमोर बसले असते. मी चमचा उचलायची वाट बघत बसले असते. ते माझं होतं गं, आणि तिनं घेतलं. तिला तर धर्मचंद एरवीही बघतो. मला माहीत आहे, मी पाहिलंय. तिला कशाला हवं होतं?"

अमरचंद शेठ टेबलाशी बसायला नको म्हणाला नसता तर ते तिलाच मिळालं असतं, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण ते नाव तिच्या तोंडून आलं नाही.

शेठ आला. पाय धुतले, पाटावर बसला. तिनं ताट वाढलं. भाकरी, भाजी, डाळ, वरून तूप. नेहमी ती वाढून चुलीकडे सरकायची आणि पाठ करून बसायची. त्या दिवशी सरकली नाही. तिनं डोक्यावरचा पदर मागे घेतला, पार केसांपर्यंत, आणि ताटाच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. अगदी समोर. तिचा चेहरा मी इतकी वर्षं रोज बघत होते, पण तो असा उघडा, त्या माणसासमोर, कधीच पाहिला नव्हता. कपाळावर घाम, डोळे रडून सुजलेले. नव्या नवरीसारखी घाबरली होती ती.

शेठनं भाकरी मोडली. मग त्याच्या लक्षात आलं की समोर कोणीतरी आहे. त्यानं मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि हातातला तुकडा ताटात ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"कुण मरग्यो?" त्यानं विचारलं. कोण गेलं?

"कोई कोनी," ती म्हणाली. "जीमो थे." कोणी नाही, जेवा तुम्ही.

त्याचा काही विश्वास बसला नाही. घरात काहीतरी वाईट घडलंय आणि माणसं आपलं जेवण होईपर्यंत थांबलीत, असंच त्याला वाटलं असणार. तो भराभर घास घेऊ लागला. भंवरीबाई त्याच्या हाताकडे बघत समोर बसून राहिली, आणि अख्खं जेवण शेठनं दाराकडे बघत केलं.